‘लिटरला पंचवीस देते’ : लहान मोटारगाडीच्या इंधनमानाविषयीचे एक विधान व त्याच्या उपाधी

१. प्रश्नाचे स्वरूप

लहान मोटारगाडी घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या विचारात किमतीच्या खालोखाल ज्या आकड्याला महत्त्व असते तो तिच्या इंधनमानाचा आकडा होय. एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हे तो सांगतो. बोलीभाषेत त्याला ‘ॲव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात. गाडी घरी आल्यानंतर काही महिन्यांनी या आकड्याविषयी निराशा व्यक्त होऊ लागते. विक्रीपत्रकावर छापलेला आकडा २५ असावा आणि प्रत्यक्षात हिशेब करता तो १७ भरावा, असे उदाहरण घेतले तर त्यात कोणालाही अतिशयोक्ती वाटणार नाही.

या फरकाचा अर्थ रुपयांत मांडून पाहावा. महिन्याला १००० किलोमीटर प्रवास करणाऱ्या कुटुंबास २५ च्या हिशेबाने ४० लिटर पेट्रोल लागावयास हवे. १७ च्या हिशेबाने ते जवळजवळ ५९ लिटर लागते. लिटरचा भाव १०० रुपये धरला तर महिन्यास सुमारे १९०० रुपयांचा फरक पडतो. कर्जाचा हप्ता ठरविताना ज्याने हे गणित केले असेल त्याच्या दृष्टीने ही रक्कम उपेक्षणीय नाही. साहजिकच दोषी कोण याचा शोध सुरू होतो. कोणी उत्पादकाने फसविले असे म्हणतो, कोणी पेट्रोलपंपावरच्या मापाबद्दल शंका घेतो, तर कोणी घरातील चालकाच्या पायाला दोष देतो. मेकॅनिककडे दोनचार खेपा होतात. गाडीत काहीही बिघाड नाही, असे तो सांगतो. आणि बहुधा ते खरे असते.

मापात लबाडी किंवा यंत्रात बिघाड कधीच नसतो असे नाही. परंतु हे दोन्ही नसतानाही फरक राहतो, आणि तो का राहतो हे समजून घेण्यासाठी दोन शास्त्रांचे साहाय्य लागते. एक अर्थातच यंत्रशास्त्र. दुसरे भाषाशास्त्र, कारण अपेक्षा ही शेवटी एका वाक्यातून निर्माण झालेली असते, आणि ते वाक्य आहे, ‘ही गाडी लिटरला पंचवीस देते.’ प्राचीन नैयायिकांनी अनुमानाची चर्चा करताना ‘उपाधी’ नावाची एक संकल्पना मांडली आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे विधान निरपवाद आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे मात्र तसे नाही, कारण धूर निघण्यासाठी अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. हा संयोग म्हणजे त्या विधानाची उपाधी. ती दृष्टिआड झाली की विधान अर्धसत्य बनते. लहान गाडीच्या इंधनमानाविषयीचे विधान नेमके या जातीचे आहे. त्याच्या उपाधी कोणत्या, त्या वाक्यातून कशा गळतात आणि लहान गाडीच्या बाबतीत त्यांचा भार विशेष का जाणवतो, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहावयाचे आहे.

२. ‘देणे’ आणि ‘खाणे’

प्रथम क्रियापद पाहू जाता, मराठी भाषक गाडीच्या संदर्भात ‘देणे’ हे क्रियापद योजतो : ‘गाडी किती देते?’ या अर्थाने ‘देणे’ ज्यांच्या बाबतीत वापरले जाते त्यांची यादी केली तर तीत गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, झाड फळ देते, जमीन पीक देते, अशी उदाहरणे आढळतात. ‘लिटरला’ यातील ‘ला’ हा प्रत्ययही याच व्यवहारातला आहे. ‘एकराला दहा पोती’, ‘डझनाला साठ रुपये’ या प्रयोगांत तो प्रमाणवाचक अर्थाने येतो. तात्पर्य, मराठी भाषेने मोटारगाडीला उत्पन्न देणाऱ्या वस्तूंच्या वर्गात बसविले आहे, आणि उत्पन्न हा देणाऱ्याचा अंगभूत गुण मानला जातो.

परंतु शेतकरी हा गुण मानीत असतानाही उपाधी विसरत नाही. म्हैस विकत घेताना तो ‘किती देते?’ एवढेच विचारून थांबत नाही. वेत कितवे, व्याली कधी, चारा कोणता, आंबोण किती, हे तो विचारतो, आणि शक्य असल्यास दोन वेळचे दूध आपल्यासमोर काढून घेतो. त्याच्या व्यवहारात हे प्रश्न मूळ प्रश्नाचेच अवयव असतात. मोटारगाडीच्या खरेदीत क्रियापद तेच राहिले. त्याच्या सोबतचे प्रश्न मात्र गोठ्यातच राहून गेले.

काळाचा विचार केला तर आणखी एक गोष्ट दिसून येते. ‘देते’ हे साध्या वर्तमानकाळाचे रूप आहे. मराठीत हे रूप प्रत्यक्ष चालू असलेल्या क्रियेपेक्षा स्वभाव, सवय किंवा त्रिकालाबाधित सत्य सांगण्यासाठी अधिक येते. जसे, ‘सूर्य पूर्वेस उगवतो.’ चाचणीच्या दाखल्यावरून ज्याचे समर्थन करता येते ते वाक्य ‘या नमुन्याच्या गाडीने अमुक चाचणीत लिटरला पंचवीस दिले’ असे भूतकाळी आहे. विक्रीच्या व्यवहारात त्याचे ‘देते’ होते आणि ग्राहकाच्या मनात ‘देईल’ होते. दिले, देते, देईल या तीन पायऱ्यांत आकडा तोच राहतो. बदलते ती त्यामागील प्रमाणाची शक्ती.

‘ॲव्हरेज’ या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. सरासरी म्हटली की ती कशाची, हा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. फलंदाजाची सरासरी पन्नास असली आणि तो शून्यावर बाद झाला तरी कोणी फसवणुकीची तक्रार करीत नाही, कारण तो आकडा पुष्कळ डावांचा आहे हे सर्वांना ठाऊक असते. ‘सरासरी’ हा शब्द मराठीत जिवंत असूनही ‘गाडीची सरासरी’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतून आलेला ‘ॲव्हरेज’ हा शब्द मात्र गाडीच्या एका गुणाचे नाव होऊन बसला, आणि कशाची सरासरी हा प्रश्न त्याच्यापासून तुटला. अर्थसंकोचाचे हे एक चांगले उदाहरण होय. ‘मायलेज’ या शब्दाने तर, १९५६ च्या कायद्यान्वये दशमान मापे स्वीकारलेल्या देशात, मैलाचीही आठवण जपून ठेवली आहे.

अपेक्षाभंग झाला की क्रियापद बदलते. मग गाडी ‘पेट्रोल खाते’ किंवा ‘पिते’. या बदलात रागाखेरीज एक गणितही दडलेले आहे. त्याकडे पुढे सहाव्या विभागात वळता येईल.

३. चाचणीतील आकडा

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींची प्रमाणन-चाचणी ज्या संस्था करतात त्यांतील एक, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर आहे. तिच्या आद्याक्षरांवरून ‘एआरएआयचे मायलेज’ हा शब्दप्रयोग ग्राहकांच्या तोंडी रुळला. २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या चाचण्यांतही जे चालनचक्र वापरले गेले ते युरोपातील जुन्या चक्रात फेरफार करून तयार केलेले होते.

या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती रुळांच्या यंत्रावर उभी असते. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. हवेचा व टायरांचा अवरोध रुळांवर कृत्रिम भार टाकून निर्माण केला जातो. एकूण चक्र ११८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांहूनही थोडे कमी. त्याच्या शहरी भागात १९५ सेकंदांचा एकच क्रम चार वेळा पुन्हा येतो आणि त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. शून्यापासून ५० पर्यंत वेग वाढविण्यास त्यात २६ सेकंद दिलेले असतात. एवढ्या संथपणे वेग वाढविणाऱ्या गाडीमागे पुण्यामुंबईच्या सिग्नलवर किती भोंगे वाजतील याची कल्पना करणे कठीण नाही. शहराबाहेरच्या भागात युरोपीय चक्रातील १२० ची वेगमर्यादा भारतीय रूपात ९० वर आणली गेली. चाचणी-कक्षाचे तापमान नियंत्रित असते, वातानुकूलन बंद असते, चढउतार नसतात. इंधन किती जळले हेही पंपाच्या मापाने मोजीत नाहीत. नळीतून बाहेर पडलेला वायू गोळा करून त्यातील कार्बनच्या प्रमाणावरून ते गणिताने काढतात.

या पद्धतीला खोटे म्हणणे योग्य होणार नाही. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर परिस्थिती समान ठेवलीच पाहिजे, आणि समान ठेवायची तर ती कृत्रिम करणे भाग असते. अशा चाचणीचा आकडा ‘ही गाडी त्या गाडीहून काटकसरी आहे काय’ या प्रश्नाला पुष्कळसे विश्वसनीय उत्तर देतो. ‘माझ्या घराच्या खर्चात ती किती पेट्रोल जाळील’ हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. ग्राहक नेमका हाच प्रश्न मनात धरून तो आकडा वाचतो.

४. लहान गाडीवरील भार

आता रस्त्यावरची परिस्थिती पाहावयाची. विवेचनाच्या सोयीसाठी चालकासह ९०० किलोग्रॅम वजनाची, साधारण बांधणीची एक लहान पेट्रोल गाडी कल्पिली आहे. पुढील आकडे तिच्यासाठी केलेल्या स्थूल गणिताचे आहेत; विशिष्ट गाडीसाठी ते थोडेफार बदलतील, परंतु त्यांचे परस्परप्रमाण बदलणार नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. चाकांपर्यंत साधारण पंचमांश ते चतुर्थांश ऊर्जा पोहोचते. ही ऊर्जा मुख्यतः तीन ठिकाणी खर्च होते : टायरांचा लोळण-अवरोध, हवेचा अवरोध आणि वेग वाढविणे.

(अ) थांबे. कल्पिलेल्या गाडीचा लोळण-अवरोध सुमारे १०६ न्यूटन भरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ८७ किलोज्यूल असते. ब्रेक दाबून गाडी थांबविली की ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन नष्ट होते. एवढ्या ऊर्जेत टायरांचा अवरोध सुमारे ८०० मीटरपर्यंत भागला असता. म्हणजे ५० च्या वेगातून केलेला प्रत्येक पूर्ण थांबा, केवळ टायरांच्या अवरोधाचा विचार केला तर, पाऊण किलोमीटरहून अधिक अंतराइतका महाग पडतो. किलोमीटरमागे दोन वेळा थांबावे लागणाऱ्या रस्त्यावर थांब्यांचा खर्च चालण्याच्या खर्चाहून जास्त होतो. सिग्नलशी एंजिन चालू ठेवल्यास ताशी सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जळते आणि त्या वेळी अंतर शून्य असते.

(आ) वेग. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला तो या गाडीस सुमारे ५२ न्यूटन असतो, ८० ला २०७, १०० ला ३२४ आणि १२० ला ४६७. टायरांचा अवरोध मिळवून एकूण अवरोध ८० ला ३१३ आणि १०० ला ४३० न्यूटन होतो. कार्यक्षमता २५ टक्के धरली तर ८० च्या स्थिर वेगाने ही गाडी लिटरला सुमारे २५ किलोमीटर जाते आणि १०० च्या वेगाने १९ च्या आतबाहेर येते. भार वाढल्यावर एंजिनाची कार्यक्षमता किंचित सुधारते, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून थोडी सौम्य असते. तिची दिशा मात्र तीच राहते. चाचणीतील गाडीने ९० च्या पुढे कधी पाऊल टाकलेले नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय गाडी लहान झाली म्हणून हवेचा अवरोध त्याच प्रमाणात घटत नाही. माणसांना ताठ बसता यावे म्हणून लहान गाडी उंच असते. तिची लांबी कमी होते, समोरून दिसणारे क्षेत्रफळ फारसे कमी होत नाही.

(इ) माणसे व सामान. चालकाखेरीज तीन प्रवासी आणि थोडे सामान मिळून २४० किलोग्रॅम भार वाढला तर ९०० किलोग्रॅमच्या गाडीचे वजन सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. हाच भार १८०० किलोग्रॅमच्या मोठ्या गाडीत घातला तर वाढ १३ टक्के होते. टायरांचा अवरोध, वेग वाढविण्याचा खर्च व चढाचा खर्च हे तिन्ही वजनाच्या प्रमाणात वाढतात. माणसाचे वजन गाडीच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही, ही साधी गोष्ट लहान गाडीच्या हिशेबात निर्णायक ठरते.

(ई) वातानुकूलन. हाच न्याय वातानुकूलन-यंत्रालाही लागू पडतो. उन्हात तापलेल्या लहान गाडीच्या कक्षात आणि मोठ्या गाडीच्या कक्षात फार मोठा फरक नसतो. ज्या एंजिनाकडून शक्ती घ्यावयाची त्याच्या इंधनखर्चात मात्र मोठा फरक असतो. यंत्राला १ किलोवॅट शक्ती लागते असे धरू. आधीच चालू असलेल्या एंजिनावर पडणारा हा जादा भार थोड्या अधिक कार्यक्षमतेने उचलला जातो. ती एकतृतीयांश धरली तरी ताशी सुमारे ०.३५ लिटर पेट्रोल जास्त जळते. हा खर्च अंतराचा नसून वेळेचा आहे. शहरात तासाला २० किलोमीटर जाणारी गाडी लिटरला २० देत असेल तर तिचे एका लिटरचे १.३५ लिटर होतात, आणि आकडा १५ च्या खाली येतो. महामार्गावर तासाला ८० किलोमीटर जाताना ती २५ देत असेल तर ३.२ लिटरचे ३.५५ होतात आणि आकडा सुमारे २२.५ वर थांबतो. तेच यंत्र, तोच उन्हाळा. परंतु वाहतुकीच्या गर्दीत त्याची किंमत कितीतरी अधिक.

(उ) चढ. मुंबईहून पुण्यास येणारी गाडी सुमारे ५५० मीटर उंची चढते. चार माणसांनिशी ११४० किलोग्रॅम भरणाऱ्या गाडीस एवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ६ मेगाज्यूल ऊर्जा लागते, आणि २८ टक्के कार्यक्षमतेने तिच्यासाठी सुमारे ०.७ लिटर पेट्रोल जळते. सपाटीवर १५० किलोमीटरांस ७.५ लिटर लागत असतील तर येथे ८.२ लिटर लागतात. २० चा आकडा १८ वर उतरतो. परतीच्या प्रवासात यातील काही भाग वसूल होतो. जो बोरघाट उतरताना ब्रेकांत जिरतो तो परत मिळत नाही. तेव्हा ‘मुंबई-पुणे किती दिले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘पुणे-मुंबई किती दिले?’ याच्या उत्तराहून वेगळे असणे स्वाभाविक आहे. येथे शब्दांचा क्रमच एक उपाधी होऊन बसतो.

याखेरीज टायरांतील कमी हवा, थंड एंजिनाने केलेले दोनतीन किलोमीटरांचे फेरे, छतावरचे कॅरियर आणि एकाएकी वेग वाढविण्याची सवय ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांतील प्रत्येकाचा वाटा लहान असतो. बेरीज लहान नसते.

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. गाडी जितकी काटकसरी तितका तिच्या मूळ खर्चाचा आकडा लहान. आणि माणसे, हवा, ऊन हे बाहेरचे भार जवळजवळ कायम. म्हणून त्या भारांचे शेकडा प्रमाण काटकसरी गाडीतच अधिक भरते. अपेक्षाभंग लहान गाडीच्या मालकास अधिक जाणवतो याचे कारण गाडीच्या उणेपणापेक्षा तिच्या गुणातच अधिक दडलेले आहे.

५. ‘पेट्रोल’ या शब्दाचा बदललेला वाच्यार्थ

शब्द तोच राहावा आणि त्याने दाखविलेली वस्तू बदलावी, ही घटना अर्थविचाराच्या अभ्यासकास नवी नाही. ‘पेट्रोल’ या शब्दाचे गेल्या काही वर्षांत असेच झाले. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ साली ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या एका लिटरात सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलच्या दोनतृतीयांश. ८० भाग पेट्रोल व २० भाग इथेनॉल यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे २९.८ मेगाज्यूल ऊर्जा उरते. शुद्ध पेट्रोलच्या मानाने ही घट सुमारे ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणाच्या मानाने सुमारे साडेतीन टक्के आहे. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल-मिश्रणाच्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांच्या बाबतीत इंधनमान ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के मानली होती.

मिश्रणाच्या धोरणाचे समर्थन वा विरोध हा येथे विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ‘लिटरला’ या पदातील लिटर घनफळ सांगते, ऊर्जा सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवणारा गाडीमालक दोन वेगळ्या द्रव्यांच्या लिटरांची तुलना करीत असतो. शब्द एकच असल्यामुळे ते त्याच्या ध्यानी येत नाही.

६. छेदातील लिटर

आता ‘देते’ व ‘खाते’ यांच्या गणिताकडे वळावयाचे. ‘लिटरला किती किलोमीटर’ या मांडणीत इंधन छेदस्थानी असते. ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ या युरोपातील मांडणीत ते अंशस्थानी येते. पहिली देण्याची भाषा, दुसरी खाण्याची. दोन्ही भाषांतून वस्तुस्थिती एकच सांगितली जाते, पण मनावर होणारा परिणाम वेगळा असतो.

लहान गाडीचा आकडा २५ वरून २० वर आला तर पाच किलोमीटरांची घट दिसते. मोठ्या गाडीचा आकडा १० वरून ८ वर आला तर दोनच किलोमीटरांची. परंतु १००० किलोमीटरांस लहान गाडीला ४० ऐवजी ५० लिटर, म्हणजे १० लिटर जास्त लागतात. मोठीला १०० ऐवजी १२५, म्हणजे २५ लिटर जास्त लागतात. शेकडा घट दोहोंची समान असली तरी खिशाला लागणारी झळ मोठ्या गाडीची अडीचपट आहे, आणि ‘देते’च्या भाषेत ती लहान गाडीची अधिक दिसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील आपल्या निबंधात या भ्रमाकडे लक्ष वेधले होते. त्यांच्यापुढे मैल व गॅलन होते. तर्क तोच आहे.

दुसरी चूक बेरजेची. शंभर किलोमीटर महामार्गावर २५ ने आणि शंभर किलोमीटर शहरात १५ ने गेलेल्या गाडीचे ‘ॲव्हरेज’ २० असे सांगितले जाते. वस्तुतः पहिल्या शंभरास ४ लिटर व दुसऱ्या शंभरास ६.६७ लिटर लागले. २०० किलोमीटरांस १०.६७ लिटर, म्हणजे १८.७५. छेदस्थानी असलेल्या राशीची सरासरी अशी काढता येत नाही. सव्वा किलोमीटरचा हा तोटा एंजिनात झालेला नसून हिशेबाच्या वहीत झालेला असतो.

७. अन्यत्र झालेले प्रयत्न

अपेक्षा व अनुभव यांतील अंतर हा केवळ भारतीय प्रश्न नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८५ च्या मॉडेल-वर्षापासून प्रयोगशाळेतील शहरी आकड्यातून १० टक्के आणि महामार्गीय आकड्यातून २२ टक्के वजा करून ते छापण्यास सुरुवात केली; २००८ च्या मॉडेल-वर्षापासून अधिक वेग, वातानुकूलन व थंड हवा यांच्या चाचण्यांचाही समावेश केला. तेथील जाहिरातींत आकड्याखाली ‘तुमचे मायलेज वेगळे असू शकेल’ अशा अर्थाची सूचना देत. ती इतकी वारंवार कानावर पडली की इंग्रजीत तिचा वाक्प्रचार झाला आणि ‘ज्याचा त्याचा अनुभव वेगळा’ अशा सामान्य अर्थाने तो वापरला जाऊ लागला. उपाधी सांगणारे वाक्यच शेवटी गुळगुळीत होऊन गेले, हा त्यातील बोध आहे.

युरोपात अधिकृत आकडा व रस्त्यावरचा इंधनखर्च यांतील अंतर २००१ साली दहा टक्क्यांच्या आत होते. २०१५ पर्यंत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. एवढ्या अवधीत चालकांचे पाय जड झाले नव्हते. चाचणीच्या नियमांतील सवलतींचा उपयोग करून घेण्याची कला उत्पादकांना साधत गेली होती. परिणामी सप्टेंबर २०१७ पासून नव्या नमुन्यांसाठी आणि सप्टेंबर २०१८ पासून सर्व नव्या मोटारींसाठी तेथे नवी चाचणी लागू झाली. तीत चक्र १८०० सेकंदांचे असून वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो. तेव्हा चाचणीची कृत्रिमता निरागस असते असेही सदासर्वकाळ म्हणता येत नाही. एखादा आकडा जितका महत्त्वाचा, तितका तो साधण्यासाठी वस्तूला वळण लावण्याचा मोह बळावतो.

भारतात २०१७ पासून उत्पादकांच्या एकूण विक्रीवर सरासरी इंधनखर्चाची मर्यादा आली, आणि तिची मोजणी चाचणीच्याच आकड्यांवरून ठरली. त्यामुळे चाचणी आणि रस्ता यांतील अंतर हा एकट्या कुटुंबाच्या हिशेबाचा विषय राहत नाही. देश किती इंधन वाचवितो आहे याच्या हिशेबालाही तेच अंतर छेद देते.

८. समारोप

वरील चर्चेचे सार असे. लहान गाडीचे इंधनमान अपेक्षेहून कमी भरते याला एक कारण नाही. चाचणीची अनुकूल परिस्थिती, थांब्यांत नष्ट होणारी गतिज ऊर्जा, वेगाच्या वर्गाने वाढणारा हवेचा अवरोध, गाडीच्या आकाराप्रमाणे कमी न होणारे माणसांचे व वातानुकूलनाचे भार, चढ, इंधनाची बदललेली घटना आणि सरासरीचे चुकीचे गणित, या सर्वांची ती बेरीज आहे. यांतील बहुतेक गोष्टी गाडीत नाहीत; त्या रस्त्यावर, हवेत, टाकीत व वहीत आहेत. ‘देते’ या क्रियापदाने मात्र त्या सर्वांचे कर्तृत्व एकट्या गाडीच्या नावे लिहिले.

व्यवहारातील उपाय यातूनच निघतो. आकडा विचारताना त्याच्यासोबत वेग, वाहतूक, प्रवासी व वातानुकूलन यांचे प्रश्न विचारावेत. स्वतःच्या गाडीचा आकडा काढावयाचा तर टाकी पूर्ण भरून किलोमीटरांची नोंद करावी, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर गेले ते पाहावे, आणि निदान पाचसहा भरण्यांचे एकूण किलोमीटर एकूण लिटरांनी भागावेत. एका भरणीवरून अनुमान करू नये. अशा नोंदी ठेवणाऱ्यास गाडीत खरोखर बिघाड झाला तर तोही लवकर कळतो, कारण त्याच्याजवळ तुलनेसाठी छापील आकड्याऐवजी स्वतःच्या रस्त्याचा आकडा असतो.

‘या नमुन्याच्या गाडीने, वातानुकूलन बंद असताना, नियंत्रित तापमानात, ९० च्या आतील वेगाने, रुळांवर लिटरला पंचवीस दिले’ हे वाक्य लांब आहे आणि जाहिरातीच्या कामाचे नाही. परंतु ते खरे आहे. त्यातील प्रत्येक पद गळाले की अपेक्षा थोडी वाढते, आणि पुढे पेट्रोलपंपावर तेच पद पैशांच्या रूपाने भरून द्यावे लागते.